बाजेखालची शेगडी

चैत्र संपत आला होता आणि ऊन असं तापलं होतं की गावातली कुत्रीसुद्धा दुपारी मोरीत जाऊन पडत. अशा उन्हात वच्छलाबाईंच्या घरातल्या आतल्या खोलीची दारंखिडक्या बंद होत्या, बाजेखाली शेगडी पेटलेली होती आणि बाजेवर तीन दिवसांची बाळंतीण निजली होती. कूलर बैठकीत होता. तो बंद होता, कारण त्याचं वारं आत जाईल आणि बाळंतिणीच्या अंगात शिरेल असं घरातल्या सगळ्यांचं मत होतं. एकदा शिरलेलं वारं म्हातारपणापर्यंत निघत नाही, हे मत एकट्या तुळसाबाईंचं. त्या वच्छलाबाईंच्या सासूबाई, अठ्ठ्याहत्तरच्या. त्यांच्या मताला या घरात मत म्हणत नाहीत, रीत म्हणतात.

मोनाली वच्छलाबाईंची एकुलती लेक. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून सातव्या महिन्यात पुसदहून आली होती. दारव्ह्याला दवाखान्यात बाळंत झाली, मुलगा झाला. नर्स म्हणाली, अजून दोन दिवस राहू द्या. पण दवाखान्यात शेक कोण देणार, धुरी कोण देणार? वच्छलाबाईंनी दुसऱ्याच सकाळी लेकीला घरी आणलं. निघताना नर्सनं एक कागद हातात ठेवला. ताप आला, पोट दुखलं, अंगावरून जाण्याला घाण वास आला, तर लगेच परत या. वच्छलाबाईंनी तो नीट घडी करून डिंकाच्या लाडवांच्या डब्याखाली ठेवला. हरवू नये म्हणून.

तिसऱ्या दिवशी सकाळी निकिता आली. ती गावची आशाताई. पिशवीतून झोळीचा काटा काढून तिनं ओसरीवरच बाळाचं वजन केलं, बेंबी पाहिली, वहीत लिहिलं. मग म्हणाली, "मोनालीले पायतो आता. ताप-गिप हाये का?"

"कायचा ताप? शेकाची गरमी हाये ते."

"पायतो ना पन एकडाव."

"पाचवीच्या आत बाहेरचं मानूस खोलीत नाई जात आमच्या इथी. तुले ठाऊक नाई का?"

निकिताला ठाऊक होतं. तिनं वाद घातला नाही, थर्मामीटर पुढे केला. "मंग काकू, तुमीच काखेत लावा. टिक टिक वाजलं का आकडा सांगा मले."

वच्छलाबाई आत गेल्या. मोनाली डोळे मिटून पडली होती, ओठ कोरडे पडले होते. यंत्र वाजलं. एकशे दोन. वच्छलाबाईंनी आकडा दोनदा पाहिला. मग त्यांनी बाजेखाली पाहिलं. तिथे शेगडीत विस्तव रसरसत होता. एवढ्या विस्तवावर ठेवलेलं यंत्र दुसरं काय दाखवणार? आणि खरंच ताप असला, तर तो वहीत जाईल, वहीतून गावात आणि गावातून पुसदला. लेक माहेरी आली आणि माहेरच्यांनी हयगय केली. विहीणबाई हे वाक्य जन्मभर पुरवून पुरवून खातील.

त्या बाहेर आल्या. "अठ्ठ्यान्नव," म्हणाल्या.

निकितानं लिहून घेतलं.

*

बाळंतिणीच्या खोलीचा उंबरठा ओलांडायचा नाही, हे सुरभीला कुणी नवं सांगावं लागलं नव्हतं. ती या घरची सून. तिचा नवरा प्रफुल्ल राजूरच्या कोळसा खाणीत, पंधरा दिवसांतून एकदा घरी येणारा. लग्नाला सहा वर्षं झाली होती, दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गेले. ज्या बाईची कूस भरत नाही तिनं बाळंतिणीजवळ जाऊ नये. या घरात तो नुसता समज नव्हता, त्याला दाखला होता. चाळीस वर्षांपूर्वी तुळसाबाईंची थोरली लेक विमल याच खोलीत बाळंत झाली आणि सहाव्या दिवशी गेली. तुळसाबाईंची जाऊ यमुना, तिला मूल नव्हतं, ती चौथ्या दिवशी खोलीत शिरली होती. सगळ्या गावानं यमुनेचं नाव घेतलं. ती जी माहेरी गेली ती परत आली नाही. घरात लग्न होऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला ही गोष्ट कधी ना कधी ऐकवली जायची, सुरभीला ती दुसऱ्यांदा पोट रिकामं झाल्यावर ऐकवली गेली.

पण खोलीत न जाणाऱ्या बाईला खोलीतले कपडे धुवायला हरकत नव्हती. रक्ताचे कपडे, बाळाची लंगोटं, सगळं दाराशी बादलीत येऊन पडे आणि सुरभी ते मागच्या अंगणात दगडावर धूत असे. आत ओवा आणि बाळंतशेपाचा धूर सारखा कोंडलेला. त्या धुरात कुणाला कसला वास यायचा? मागच्या अंगणात धूर नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं पहिला कपडा पाण्यात टाकला आणि तिचा हात थबकला. रक्ताचा वास तिला ठाऊक होता, स्वतःच्या दोन वेळांचा ठाऊक होता. हा तसा नव्हता. हा सडल्याचा होता.

ती स्वयंपाकघरात गेली. वच्छलाबाई अळिवाची खीर ढवळत होत्या.

"आई, मोनालीच्या कपड्याले वास येऊन राह्यला."

"बाळंतिनीच्या कपड्याले मंग अत्तराचा वास येते का?"

"तसा नाई, आई. घान वास हाये. दवाखान्यातून कागद दिलता ना, त्याच्यात..."

"तुले कागद वाचाले कोनं सांगतलं?" वच्छलाबाईंनी डाव खाली ठेवला. "सुरभी, माह्या पोरीचं चांगलं झालं, तर तुह्या पोटात कायले दुखते?"

सुरभीच्या पोटात खरंच दुखत होतं, पण ते सासूबाई म्हणत होत्या ते नव्हतं, किंवा थोडं तेही असेल. मोनालीला कळा सुरू झाल्या त्या दिवशी तिनं न्हाणीघरात जाऊन तोंडात पदर कोंबला होता. म्हणून तर तिची जीभ जड होत होती. आपण खरं बोलतो आहोत की जळून बोलतो आहोत, हे तिचं तिलाच कळेना.

दुसऱ्या दिवशी वास वाढला. सुरभीनं तो कपडा ओलाच उचलला आणि ओसरीवर सुपारी कातरत बसलेल्या तुळसाबाईंपुढे धरला. "आजी, तुमी सांगा. हे बरोबर हाये का?"

तुळसाबाईंचा अडकित्ता थांबला. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण नाक शाबूत होतं. चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलं ते सुरभीनं पाहिलं.

"धुवून टाक," त्या म्हणाल्या. "कडक उन्हात टाक."

"आजी, पन..."

"जाय म्हनलं ना."

सुरभीनं राजूरला फोन लावला. प्रफुल्ल म्हणाला, बायकांच्या कारभारात मले नोको पाडू, आई हाये ना तिथं. मागे कुठे तरी यंत्र धडधडत होतं, त्यात त्याचं पुढचं ऐकू आलं नाही. पुढचं काही असेल असंही तिला वाटलं नाही.

*

मोनालीला दिवस कळत नव्हते. पाठ शेकत होती, पोट आतून सोलून निघत होतं, आणि मध्येच थंडी वाजून दात कडकड वाजत होते. बाजेखाली विस्तव असताना थंडी कशी वाजते, हे तिला विचारायचं होतं. पाणी मागितलं की आई ओव्याचं कोमट पाणी दोन घोट देई. "जास्त नाई प्यायचं, माय. पोट सुटते."

सगळ्या बायकांनी तिला सांगितलं होतं की पहिले चार-पाच दिवस त्रास होतो. किती होतो ते कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणून हाच तो असेल असं ती धरून चालली. सगळ्या बायका यातून गेल्या, आई गेली, आजी पाचदा गेली, मग आपणच एवढ्या नाजूक का? तिला लाज वाटत होती. बाळ छातीशी लावलं की त्याचं तोंड गार लागे, आणि ते बरं वाटे. दूध नीट येत नव्हतं. बाळ रडून रडून झोपून जाई. आपल्याला आई होता येत नाही, एवढं एकच तिला स्पष्ट कळलं होतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी दाराच्या फटीत एक सावली उभी राहिली.

"वयनी?"

"हो. कसं वाटते?"

"असंच असते का, वयनी?"

सावली फटीतून मागे सरली. सुरभीला काय ठाऊक असणार? मग मोनालीला वाटलं, आपण विचारायला नको होतं, तिला वाईट वाटलं असेल.

*

पाचव्या दिवशी अकराच्या सुमारास पुसदहून गाडी आली. जावई अमर आणि त्याची आई रुपीबाई. अमरनं गाडी दारातल्या कडुलिंबाखाली लावली. रुपीबाईंनी नातवाला मांडीवर घेतलं, नाक आपल्याकडचं आहे असं ठरवलं, आणि पाचवीची तयारी पाहायला बसल्या. पाटा-वरवंटा धुऊन ठेवला होता, कणकेचे दिवे वळून झाले होते. पूजा दिवेलागणीला.

मोनालीचे सासरे नव्हते, वडील घनश्याम होते. ते बोलायचं तेवढं शेतात गड्यांशी बोलून यायचे आणि घरात गप्प असायचे. अमर खोलीच्या दारातून बायकोला पाहून आला आणि त्यांच्याशेजारी बसला. "बाबा, ते मले वळखून नाई राह्यली."

"झोपेत असंल," घनश्याम म्हणाले.

"डोये उघडे हायेत तिचे."

हे सुरभीनं ऐकलं. ती पाण्याचे पेले घेऊन उभी होती. तिनं ट्रे खाली ठेवला, पदर खोचला आणि सरळ चालत आतल्या खोलीत गेली. उंबरठ्यावर तिचा पाय अडला नाही. वच्छलाबाई तिच्यामागे धावल्या, पण तोपर्यंत सुरभीनं बाजेखालची शेगडी सांडशीनं ओढली होती. ती तशीच उचलून ती बैठकीतून, सगळ्यांच्या देखत, अंगणात घेऊन गेली आणि तिच्यावर बादलीभर पाणी ओतलं. विस्तव चरचरला. मनगटाला भाजलं होतं, ते तिला नंतर कळलं. परत येऊन तिनं दोन्ही खिडक्या उघडल्या आणि धुरीची वाटी बाहेर ठेवली.

"अमर भाऊजी, या इथं. आई, तुमी बी या. मले अर्धा घंटा द्या फक्त."

"वांझोटी खोलीत शिरली," रुपीबाई बाहेरून म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "इहीनबाई, तुमच्या इथी रीत-भात काई हाये का नाई?"

सुरभी बाजेजवळ उभी राहिली. घड्याळाकडे पाहत राहिली. अर्ध्या तासानं तिनं अमरचा हात धरून बाजेच्या नवारीवर ठेवला. "निवली का?"

"निवली."

"खालची फरशी?"

"थंड हाये."

"आता हिले हात लावा."

अमरनं मोनालीच्या कपाळावर हात ठेवला आणि काढून घेतला. धूर निघून गेला होता. वास आता त्यालाही येत होता, दारातल्या वच्छलाबाईंनाही.

"शेकाची गरमी नोती ते, आई," सुरभी म्हणाली.

अमर म्हणाला, "गाडी काढतो मी."

"थांब," रुपीबाई उठून आल्या. "आज पाचवी हाये. बाळंतिनीनं पाचवीच्या आत उंबरठा वलांडला तं सटवाई कोप करते, लेकरावर येते ते. दिवे लागले का पूजा उरकू, मंग कुठं न्याचं तिथं न्या. पाच दिवस काढले, चार-पाच घंट्यानं काय होते?"

"आई, तिची हालत पाय..."

"तुह्या लेकराची हालत पायतो मी. त्याच्या जिवाशी खेळू का?"

अमर वच्छलाबाईंकडे पाहू लागला. आता त्यांनी एक शब्द टाकायचा होता. त्यांना एकशे दोनचा आकडा दिसत होता, अगदी यंत्रावर होता तसा. आता निघालो तर दवाखान्यात पहिला प्रश्न येईल, ताप कधीपासून आहे? पूजा झाली असती तर निदान एक तरी गोष्ट नीट झाली म्हणता आलं असतं.

"इहीनबाई म्हन्तात ते बरोबर हाये," वच्छलाबाई म्हणाल्या. "दिवे लागू द्या."

सुरभी घनश्यामरावांच्या पुढे जाऊन उभी राहिली. सासऱ्याशी ती सहा वर्षांत थेट बोलली नव्हती. "मामंजी, तुमची पोरगी हाये ते."

घनश्यामरावांनी जमिनीकडे पाहिलं. "बायकांचं काम हाये ते. मी काय सांगू?"

अशा बोलण्यात दोन तास गेले. आधी अमर चिडला, मग रुपीबाई रडल्या, मग अमर आईची समजूत काढत बसला. गाडी कडुलिंबाखाली उभी होती आणि किल्ली अमरच्या खिशात होती.

साडेतीनला तुळसाबाई भिंतीला धरून आत आल्या. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं.

"न्या तिले," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, पाचवी..."

"विमलले सटवाईनं नाई नेलं, वच्छले." म्हातारी बाजेची कड धरून उभी होती. "वास होता. हाच वास होता. मले येत होता, मी धुरी वाढवत गेली. यमुना खोलीत शिरली ते हेच सांगाले शिरली होती. जाऊबाई, हिले दवाखान्यात न्या म्हने. विमल गेली आन् मीनं यमुनेचं नाव घेतलं. कोनाचं तरी घ्याच लागत होतं. काल या पोरीनं कपडा दाखवला तवाच कयलं मले. तरी तोंड उघडलं नाई मीनं."

रुपीबाई दारातून बाजूला झाल्या. अमरनं मोनालीला दोन्ही हातांवर उचललं. बाळ रुपीबाईंकडे राहिलं.

गाडीत मोनालीचं डोकं सुरभीच्या मांडीवर होतं. पुढे वच्छलाबाई. "पानी," मोनाली म्हणाली. सुरभीनं बाटली तिच्या तोंडाला लावली. पाच दिवसांत पहिल्यांदाच तिला कुणी पोटभर पाणी दिलं. ती अर्धी बाटली प्यायली, आणि मग सुरभीकडे पाहून काहीतरी म्हणाली. रस्ता खराब होता, गाडी आदळत होती. ते शब्द सुरभीला नीट ऐकू आले नाहीत. पुढे कितीतरी दिवस ती ते लावून पाहणार होती.

दारव्ह्याला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ताप कधीपासून?"

"आजच आला," वच्छलाबाई म्हणाल्या.

सुरभीनं तोंड उघडलं. "नाई मॅडम, तीन दिवस झाले वास येऊन राह्यला." डॉक्टरीणबाईंनी दोघींकडे पाहिलं आणि अँब्युलन्स बोलावली. यवतमाळला पोचले तेव्हा अंधार पडला होता, गावात पाचवीचे दिवे लागून गेले असतील. रुपीबाईंनी ते लावलेच होते, बाळंतिणीशिवाय. मोनाली दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला गेली. जंतू रक्तात पसरले होते, असं सांगितलं. परवा आणली असती तर, असंही तिथला एक तरुण डॉक्टर म्हणाला, आणि वरिष्ठांनी त्याच्याकडे पाहिल्यावर थांबला.

*

माती आटोपून पुरुष परत आले तेव्हा ऊन कलत होतं. बैठकीत बायका बसल्या होत्या. कूलर सुरू होता. तो कुणी सुरू केला ते माहीत नाही.

वच्छलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, न रडता. त्यांना एकच हिशेब सुचत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता त्या खरं बोलल्या असत्या तर. निकिता कोपऱ्यात बसली होती, मांडीवर ती वही. ती वच्छलाबाईंकडे पाहत होती आणि काही विचारत नव्हती.

"पाच दिवस पोरगी बाजेवर होती," रुपीबाई म्हणाल्या. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. "जिवंत होती. त्या बाईनं खोलीत पाय टाकला, आन् एका दिवसात गेली. आता मले कोनी सांगा."

बायकांनी सुरभीकडे पाहिलं, आणि मग वच्छलाबाईंकडे. घरच्या मालकिणीनं काहीतरी म्हणायचं होतं. दारात तुळसाबाई बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. "वच्छले," त्या म्हणाल्या. पुढे त्यांना दम पुरला नाही.

तेवढ्यात आतल्या खोलीच्या दाराशी निजवलेलं बाळ उठलं. सकाळपासून त्याला वाटी-चमच्यानं दूध पाजत होते, ते त्याला धड पिता येत नव्हतं. त्याचं रडणं बारीक झालं होतं. कुणीच उठेना, म्हणून सुरभी उठली. मनगटाला बांधलेलं फडकं सावरत ती खोलीकडे वळली, आणि तिनं बाळाला घ्यायला हात पुढे केले.

"तू नोको," वच्छलाबाई म्हणाल्या.

त्यांनाही आपला आवाज ऐकू आला. बायकांमध्ये कुणीतरी सुस्कारा टाकला, जसं काही आता सगळं नीट समजलं. निकितानं वही बंद केली. वच्छलाबाई उठल्या, बाळाला उचलून छातीशी धरलं, आणि तेव्हा त्यांना रडू फुटलं.

सुरभीनं हात मागे घेतले. ती मागच्या अंगणात गेली. दोरीवर मोनालीचे कपडे परवापासून तसेच होते, उन्हानं कडक झालेले. तिनं एक काढला आणि नाकाशी नेला. त्याला आता कसलाच वास येत नव्हता.